देवरे सिस्टरचा वॉर्ड

गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतरचा पहिला रविवार, सकाळी नऊ. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकवीसशे रुपयांना सौदा ठरला. हजर माणसं तीन: भंगारवाले सलीमभाई, तळमजल्यावरच्या देवरे सिस्टर आणि सोसायटीचा खजिनदार म्हणून मी. माल अकरा नग. पैसे सलीमभाईंनी सिस्टरना द्यायचे होते.

सौदा तासभरही टिकला नाही. तो का मोडला ते शेवटी सांगतो. आधी हे अकरा नग म्हणजे काय होतं ते सांगायला हवं, आणि ते सिस्टरना वगळून सांगता येत नाही.

सुशीला देवरे हे नाव फक्त त्यांच्या लाइटबिलावर होतं. बाकी सगळ्यांना त्या सिस्टर. तीसेक वर्षं सरकारी दवाखान्यांत नर्स होत्या, त्यातली शेवटची बरीच वर्षं निफाडला. सकाळच्या एसटीने जायच्या, अंधार पडता परत यायच्या. माहेर सटाण्याकडचं. एरवी बोलणं तुमच्याआमच्यासारखं, पण राग आला किंवा फार आनंद झाला की अहिराणी बाहेर यायची, 'आहे'चं 'शे' व्हायचं. बुटक्या, भरभर चालणाऱ्या, पदर कायम खोचलेला. पर्समध्ये पैशांच्या आधी पट्टीची कात्री सापडायची. रिटायर झाल्यावरसुद्धा चहा करायच्या आधी कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायच्या. बोलताना समोरच्याचं मनगट धरायची सवय होती. नव्या माणसाला वाटे, काय मायाळू बाई आहे. त्या नाडी बघत असायच्या.

"भाऊ, मार्चएंड जवळ आला वाटतं," असं त्या मला माझ्या मनगटावरून सांगत. मी एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करतो. त्यांचा अंदाज कधी चुकला नाही.

त्यांचे मिस्टर एसटीत कंडक्टर होते. सिस्टर रिटायर झाल्या त्याच वर्षी ते गेले. तेराव्याला नातेवाईक म्हणाले, गेलेल्या माणसाचं घरात काही ठेवू नये. सिस्टरनी ऐकलं. कपडे दिले, चपला दिल्या, बॅग दिली. जुना तिकिटाचा पंचही भंगारात दिला. मशीनवरची तिकिटं आल्यानंतर त्या पंचाचा उपयोग संपला होता, पण मिस्टर घरी बसल्या बसल्या विचार करताना तो टकटक वाजवत असायचे.

"त्या दिवशी मी नर्ससारखी वागले, भाऊ," त्यांनी मला एकदा सांगितलं. "बेड रिकामा झाला की चादर बदलायची. दुसरं काय शिकवलं होतं आम्हाला?"

दोनतीन महिन्यांनी त्यांना तो पंच हवासा झाला. इतका, की त्या सलीमभाईंच्या दुकानात जाऊन बसल्या. माल कधीच पुढे गेलेला होता. सलीमभाईंनी एका पोत्यातून दुसरा पंच काढून दिला. गंजलेला, पण वाजत होता.

सिस्टरनी तो उलटसुलट करून पाहिला. "हा त्यांचा नाही," त्या म्हणाल्या. मग पर्स उघडली. "पण कुणाचा तरी शेच ना."

ही सुरुवात. तेव्हा त्यांचं वय एकोणसाठ होतं. त्याआधी त्यांनी रांगोळीसुद्धा कधी ठिपके मोजून काढली नव्हती, असं त्याच सांगत.

मेंटेनन्सची पावती द्यायला मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा पहिला नग पाहिला. कपाटाचं जुनं दार आडवं भिंतीला टेकवलेलं. त्यावर जाळीची पट्टी पसरून वर प्लास्टर चढवलेलं, हात मोडल्यावर चढवतात तेच. प्लास्टर वाळून त्याला भेगा गेलेल्या. रंग म्हणून आयोडीन आणि ते जांभळं औषध, जे लहानपणी आपल्या तोंडात लावायचे. मधोमध पंच. त्याच्याभोवती एक किल्ली, बॅगेचा तुटका पट्टा, कुकरची शिट्टी, आणि तिकिटांना पंच केल्यावर पडतात तसे कागदाचे बारीक गोल ठिपके. ते त्यांनी स्वतः पाडले होते, जुन्या कॅलेंडरांवर पंच मारून.

मला कलेतलं कळत नाही. दारावर वस्तू बांधल्या होत्या, एवढंच मी सांगू शकतो. पण मी तिथे बराच वेळ उभा राहिलो आणि पावती खिशातच ठेवून वर परत आलो. माझ्याकडून असं होत नाही.

सिस्टरनी त्याला 'बेड नंबर एक' नाव दिलं. पुढच्या सगळ्यांना नंबरच पडले. काम चालू असलेला नग म्हणजे ॲडमिट. पुरा झाला की 'बरा झाला'. वस्तू हातात घेऊन त्या आधी म्हणायच्या, "दुखणार नाही हं."

एक गोष्ट महत्त्वाची आहे, कारण शेवटी तीच आड आली. त्या काहीही चिकटवत नसत. पंखे दुरुस्त करणाऱ्याकडून वाइंडिंगची जुनी तांब्याची तार आणायच्या. फळीला बारीक भोकं पाडायच्या आणि प्रत्येक वस्तू त्या तारेने टाका घातल्यासारखी बांधायच्या. हातात आर्टरी, म्हणजे तो कात्रीसारखा लांब चिमटा. दोन वेढे, ओढ, उलटा एक वेढा, पुन्हा ओढ. वॉर्डात रोज घातलेली गाठ ती. मागून बघितलं तर फळीची पाठ टाक्यांच्या ओळींनी भरलेली असायची.

"डिंकाने चिकटवा की, लवकर होईल," मी एकदा म्हणालो.

"चिकटवलेलं उन्हाळ्यात सुटतं. टाका सुटत नाही."

"पण बदलायचं झालं तर?"

"टाके जखम भरल्यावर काढायचे, भाऊ. आधी काढले तर परत उघडतं."

आमच्या भागात पाटाच्या रस्त्याला, वळणावर एक पिंपळ आहे. काच तडकलेल्या तसबिरी, हात तुटलेला कृष्ण, सोंड गेलेला गणपती असं सगळं लोक तिथे आणून ठेवतात. घरात ठेवता येत नाही, कचऱ्यात टाकवत नाही. ठेवायचं, नमस्कार करायचा, आणि मागे न बघता निघायचं. सिस्टर सकाळी फिरायला जायच्या त्या रस्त्याने. त्यांनी तिथल्या चौकटी आणायला सुरुवात केली. आतला देवाचा कागद काढून त्या कुंडीत तुळशीखाली पुरायच्या आणि चौकट कामाला घ्यायच्या.

दुसऱ्या मजल्यावरच्या बोरसे वहिनी एक दिवस त्यांच्याकडे बीपी तपासायला गेल्या. बिल्डिंगमधले सगळेच जायचे, फुकट असायचं. हाताला पट्टा, पट्ट्यात हवा, आणि वहिनींची नजर भिंतीवर.

"सिस्टर! ही चौकट आमची!"

"हालू नका. दीडशे आलं."

"अहो, पिंपळाखाली ठेवली होती मी ही. माझ्या हाताने!"

"तिथूनच आणली. देव कुंडीत आहे, चौकट इथे."

"पाप लागेल, सिस्टर."

"कुणाला? ठेवणाऱ्याला का उचलणाऱ्याला? तेवढं विचारून या, मग मी तसं करते."

वहिनी तरातरा निघून गेल्या. आम्हाला वाटलं, आता मीटिंगमध्ये विषय येणार. तो आला नाही. दुसऱ्या दिवशी सिस्टरच्या दाराशी एक पिशवी होती. आत वहिनींच्या सासूबाईंचा चष्मा, कवळी, मिसरीची डबी आणि मधोमध तुटलेली जपमाळ. सासूबाईंना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. पिशवी इतके दिवस माळ्यावर असणार.

सिस्टर ती घेऊन माझ्याकडे वर आल्या, जिना चढून, धापा टाकत. एवढ्या खूश मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"भाऊ, लोकांना समजाया लागलं. मला तेव्हा समजलं नाही, त्यांना येळेवर समजलं. वस्तू देतात माझ्याकडे, मी बरी करून देईन."

मी पिशवीकडे पाहिलं. मला तेव्हा काय वाटलं ते आता नीटसं आठवत नाही. बहुतेक काहीच नसेल वाटलं.

त्यानंतर पिशव्या येतच राहिल्या. सोळा फ्लॅटची सोसायटी. तीस वर्षांत प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी गेलेलं. पहिल्या मजल्यावरून मधुमेहाची सुई आणि बूट आले. चौथ्या मजल्यावरून पानाचा डबा आणि अडकित्ता. आमच्याकडूनही गेलं: वडिलांचं कानातलं मशीन, दाढीचा ब्रश, टोपी. माझ्या बायकोने, अलकाने, ते धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. कोणी बेल वाजवत नसे. पिशवी ठेवायची आणि जिना चढून निघून जायचं. जाण्यायेण्याच्या वाटेत अडथळा व्हायला लागला, तेव्हा खजिनदार म्हणून मी ग्रुपवर मेसेज टाकला, की कृपया तळमजल्यावर जुन्या वस्तू ठेवू नयेत.

सिस्टरनी मला खाली बोलावून घेतलं. "तो मेसेज काढा."

"अहो, कचरा साठतोय म्हणून..."

"कचरा नाही तो. ॲडमिशन आहे."

मी मेसेज काढला.

फक्त एका माणसाने बेल वाजवली. तिसऱ्या मजल्यावरचे जोशी काका. काकूंना जाऊन महिनाच झाला होता. त्यांनी आणलं ते काकूंचं अर्धवट राहिलेलं क्रोशाचं काम. पांढरा रुमाल, चार बोटं झालेला, सुई अजून टाक्यात अडकलेली, दोऱ्याचा गुंडा लोंबता.

"हे उसवू नका," काका म्हणाले. "आणि पुरंही करू नका."

"बरं."

"मग काय कराल?"

"आहे तसं बांधून ठेवते. हलणार नाही."

बेड नंबर नऊ. तो करायला सिस्टरना चार महिने लागले. काका रोज संध्याकाळी येऊन स्टुलावर बसत. दोघं फारसं बोलत नसत. एकदा मी गेलो तेव्हा काका म्हणत होते, "ती सुई डावीकडे कललेली असायची तिच्या हातात." सिस्टरनी एक टाका कापून सुई जरा कलती केली. टाका कापताना मी त्यांना पाहिलं ते तेवढं एकदाच.

एवढं झाल्यावर त्यांनी प्रदर्शन करायचं ठरवलं. शहरातला एक लहान हॉल तीन दिवसांसाठी घेतला, भाडं पेन्शनमधून. मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. हॉलमध्ये सिस्टर, दारातला शिपाई आणि एक बाई. बाई चांगल्या घरातल्या दिसत होत्या. पर्स काखेला धरून चौथ्या मजल्याच्या अडकित्त्यासमोर उभ्या होत्या.

"हे तुम्ही कोणाकडे शिकलात?"

"बाळंतिणींच्या वॉर्डात."

बाई हसल्या. "हा अडकित्ता किती छान आहे हो. आमच्या आजेसासूबाईंकडे असाच होता, नक्षीचा. एवढा काढून देता का? काय असेल ते देते."

"पूर्ण घ्यावा लागेल."

"बाकीचं नको हो मला. फक्त अडकित्ता."

"काढला तर रक्त येईल," सिस्टर म्हणाल्या. अगदी शांतपणे, पेशंटला समजावतात तशा.

बाई गेल्या. तीन दिवसांत विकत घ्यायची तयारी दाखवली ती एवढ्या एकीनेच. एका मुलाने बेड नंबर एकसमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढला. येताना टेम्पोत मी पुढे बसलो होतो, सिस्टर मध्ये. त्र्यंबक नाक्याचा सिग्नल लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "लोकं वस्तू बघतात, भाऊ. बांधलेलं कोणी बघत नाही."

मी म्हणालो, पुढच्या वेळी बघतील. त्यांनी माझं मनगट धरलं, जरा थांबल्या आणि सोडून दिलं. काय निघालं ते सांगितलं नाही.

पुढचं वर्षभर त्या फक्त पिशव्याच करत होत्या. फिरायला जाणं बंद झालं. स्वतःहून काही उचलून आणणं बंद झालं. "माझं करायला वेळच नाही, भरती फार," असं हसून सांगायच्या. बोटांच्या पेरांना तारेचे काप पडलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. तो काढायला त्या तयार नव्हत्या, कारण ऑपरेशननंतर महिनाभर वाकायला बंदी. मला वाटतं, एकही पिशवी नाकारायची त्यांची हिंमत नव्हती. स्वतःचा पंच ज्या दिवशी भंगारात गेला, तो दिवस दुसऱ्या कोणावर येऊ नये असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. लोकांना वस्तू परत हव्या होणार, आज नाही तर उद्या, याबद्दल त्यांना जराही शंका नव्हती. ही शंका त्यांना का आली नाही, हे मी अनेकदा मनात घोळवून पाहिलं. त्यांना परत हवं झालं होतं म्हणून. दुसरं कारण नाही.

मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. करार झाले, दिवाळीनंतर पंधरा दिवसांत जागा खाली करायची ठरली. सगळ्यांनी भाड्याची घरं शोधली. सिस्टरचा मुलगा नितीन पुण्याला असतो. त्याने आईला कायमचंच तिकडे न्यायचं ठरवलं. मुलगा चांगला आहे, तक्रार करण्यासारखं काही नाही. त्याने येऊन सगळ्या नगांचे फोटो काढले, पुढून, बाजूने.

"आई, आपल्याकडे मोठा टीव्ही आहे. त्यावर लावू, रोज बघ."

"फोटोत गाठ दिसत नाही रे."

"अगं, पण अकराव्या मजल्यावर दोन खोल्यांत हे कुठे ठेवणार? तूच सांग."

त्यांना पुण्याला काही न्यायचंच नव्हतं. त्यांचा बेत वेगळा होता. ज्याचा पेशंट त्याच्या घरी. जायच्या आधी सगळे डिस्चार्ज करायचे.

त्यासाठी त्यांनी दसरा निवडला.

आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्यांनी आर्टरी, कात्री आणि तारेचं बंडल पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. दसऱ्याच्या संध्याकाळी पार्किंग झाडून घेतलं, खांबाखांबाशी एकेक नग उभा केला, प्रत्येकाच्या कोपऱ्यात आपट्याची पानं खोचली. चहा, चिवडा, पेढे. तो बिल्डिंगमधला शेवटचा दसरा, त्यामुळे झाडून सगळे उतरले. नव्या साड्या, मुलांचे कुर्ते.

"आज सोनं द्यायचं असतं," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी पण जरीची साडी नेसली होती. "हे तुमचंच सोनं. बरं झालंय. ज्याचं त्याने घरी न्या."

कोणी हललं नाही. चहाचे कप हातात तसेच. शेवटी बोरसे वहिनी पुढे झाल्या.

"सिस्टर, आज दसरा आहे."

"हो ना, म्हणूनच."

"अहो, सणाच्या दिवशी गेलेल्या माणसाची कवळी घरात नेऊ?"

"मग उद्या न्या."

"उद्या तरी कशी नेऊ? ती घराबाहेर गेली ना." वहिनींचा आवाज खाली आला. त्या वाईट बाई नाहीत, सासूचं सगळं त्यांनी हाताने केलं होतं. "टाकवत नव्हतं म्हणून तुम्हाला दिली. डोळ्यांसमोर नको होती. तुमच्याकडे आहे म्हटल्यावर सुटल्यासारखं झालं होतं आम्हाला."

सिस्टरनी सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं. मग त्या बोलल्या ते हळू, पण त्या पार्किंगमध्ये आवाज घुमतो.

"मी काय पिंपळ शे का?"

चौथ्या मजल्यावरचे म्हणाले, चिवडा मस्त झालाय. अलका माझ्या कानाशी म्हणाली, "भाड्याच्या घरात खिळा मारू देत नाहीत." ते खरं होतं, करारात तसं लिहिलेलं आहे. हळूहळू सगळ्यांनी कप ठेवले. प्रत्येकाने सिस्टरना आपट्याचं पान दिलं, वाकून नमस्कार केला, आणि वर गेले. नेणारे शून्य. त्यात आमचंही घर आलं.

जोशी काका तेवढे थांबले. त्यांना बंगळुरूला न्यायला मुलगी आली होती, ती शेजारी उभी. काका बेड नंबर नऊसमोर गेले आणि रुमालावर हात ठेवला.

"बाबा, विमानात हे कसं नेणार?" मुलगी म्हणाली.

"सिस्टर, फक्त सुई मिळेल?"

सिस्टरनी पर्समधून कात्री काढली. अडकित्त्याला नाही म्हणणारी बाई ती, पण इथे खाली बसून एका डोळ्याने टाका शोधायला लागली. मुलीने मोबाइलचा उजेड धरला. कात्री दोऱ्याला लागते की तारेला, दिसत नव्हतं.

"राहू द्या," काका म्हणाले. "दोरा तुटेल. उसवेल सगळं." त्यांनी हात काढून घेतला आणि जिन्याकडे गेले.

त्यानंतर सिस्टरनी मला सलीमभाईंना बोलवायला सांगितलं. एवढंच. मी विचारलं, नक्की? त्या म्हणाल्या, "दिवाळी होऊ द्या."

आता त्या पुण्याला असतात. मोतीबिंदू काढला. मी मध्ये फोन केला होता, विचारलं, काही करता की नाही. "इथे खाली काही पडलेलंच नसतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "सगळं स्वच्छ आहे." मग त्यांनी माझं बीपी विचारलं.

तर तो रविवार. सलीमभाईंनी लांबूनच अकरा नगांवर नजर फिरवली आणि एकवीसशे बोलले. सिस्टर हो म्हणाल्या. पोरं आणली नव्हती, सलीमभाई स्वतःच पक्कड घेऊन बेड नंबर एकशी बसले, पितळ एकीकडे, लोखंड एकीकडे करायला. पंचाला पक्कड लावली. पंच हलेना. तार कापायला गेले तर ती प्लास्टरच्या आतून दुसऱ्या वस्तूला गेलेली, तिथून तिसरीला. अर्ध्या तासात एक कुकरची शिट्टी निघाली. तीही वाकून.

"सिस्टर, हे मिक्स आहे," ते घाम पुसत म्हणाले. "तांबं अलग, पितळ अलग, तर भाव. प्लास्टर, लाकूड, लोखंड सब एक में बांधलंय, हा माल पुढे कोणी घेत नाही. माझे दोन दिवस जातील सोडवायला."

"मग?"

"तुम्हीच बांधलंय, तुम्हीच सोडा. सोडून द्या, एकवीसशे आत्ताच्या आत्ता देतो."

सिस्टरनी कात्री काढली. स्टूल ओढून बेड नंबर एकसमोर बसल्या. पंचाच्या खालच्या तारेत कात्रीचं टोक घातलं आणि तशाच थांबल्या. सलीमभाई आणि मी उभे. वर कोणाच्या तरी घरात फर्निचर ओढल्याचा आवाज येत होता. मग त्यांनी कात्री बाहेर काढली, पदराला पुसली, पर्समध्ये ठेवली.

"टाके जखम भरल्यावर काढतात, सलीमभाई."

त्यांना ते कळलं नाही. "मग काय करायचं?"

"न्या तसेच. कचरा डेपोत टाका."

सलीमभाई अवघडले. "टाकायला पण डिझेल लागतं, सिस्टर. दोन फेऱ्यांचा माल आहे, एका फेरीत दाबून बसवतो. पंधराशे पडतील."

मी म्हणालो, जागा खाली करण्याच्या खर्चात बसवता येईल, सोसायटी देईल.

"सोसायटीचा कुठला पेशंट होता?" सिस्टर म्हणाल्या, आणि पर्स परत उघडली.

नग सलीमभाईंच्या टेम्पोत चढवायला मी हात लावला. वडिलांची टोपी असलेला नग मीच उचलला. वाटला त्यापेक्षा जड होता. सगळ्यात वर नंबर नऊ आला, सुई कलती, रुमाल चार बोटं. दोर कमी पडला. एक टोक हूकपर्यंत पोचेना. सिस्टर केबिनचं दार उघडून चढायला लागल्या.

"तुम्ही कुठे?" मी विचारलं. "दुपारी नितीन येणार आहे न्यायला."

"तोवर येते. पेशंट एकटा पाठवत नाहीत, भाऊ."

त्यांनी दोराचं मोकळं टोक खिडकीतून हातात घेतलं आणि हात वर धरला, सलाइनची बाटली धरतात तसा. टेम्पो गेटमधून बाहेर पडला, पाटाच्या रस्त्याला वळला. पिंपळापर्यंत तो हात मला दिसत होता. खाली आला नाही.

एकवीसशे यायचे होते, ते आले नाहीत. सलीमभाईंना पंधराशे दिले, रोख, सिस्टरनी स्वतःच्या पर्समधून. सिस्टरना परत आणून सोडायचे वेगळे होतील, असं ते निघताना म्हणाले होते. सिस्टर म्हणाल्या, परतीचं मी बघते. म्हणजे पंधराशे, फक्त जाण्याचे.